गेर्मान पाव्लोविच चमचाही हलवत नाहीत

आमच्या स्तारी यारमधल्या दोनच गोष्टी बाहेरच्या जगाला ठाऊक आहेत. एक, आमच्या कारखान्यातली इनॅमलची पातेली आणि दुसरे, गेर्मान पाव्लोविच ल्यादोव. पातेल्यांचा टवका वर्षभरात उडतो. गेर्मान पाव्लोविचांचा उडवायचा प्रयत्न वीस वर्षं चालू आहे, अजून कुणाला जमलेला नाही.

त्यांच्या ब्लॉगचं नाव ‘जसं आहे तसं’. रोज सकाळी तीन लाख माणसं तो उघडतात म्हणे. मी काही मोजायला गेलेलो नाही. पण आमच्या रेल्वे पार्सल ऑफिसात आम्ही सातजण आहोत आणि सातहीजण उघडतात, त्यावरून आकडा खरा असावा. एक फोटो, खाली दोन ओळी, संपलं. माणूस सहा फुटी, दाढी गंजाच्या रंगाची, कानटोपी ऑक्टोबरात चढते ती मेमध्येच उतरते. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी दम सोडते, म्हणून ते कॅमेरा कोटाच्या आत पोटाशी धरून चालतात. लांबून बघितलं तर सातवा महिना लागल्यासारखे दिसतात.

त्यांचा धर्म एकच आहे: फोटोतली वस्तू हलवायची नाही. टेबलावर चमचा वाकडा पडलाय? वाकडाच राहू दे. माणूस नाकात बोट घालून उभा आहे? त्याचं बोट, त्याचं नाक. ‘जरा इकडे बघा’ हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते अठराव्या वर्षी. तेव्हा ते कारखान्याच्या साप्ताहिकात फोटोग्राफर म्हणून लागले. काम काय, तर उत्कृष्ट कामगारांचे फोटो काढायचे; ते फाटकासमोरच्या मानाच्या फलकावर लागायचे. फोटोच्या खोलीत खुंटीला एक काळा कोट आणि एक टाय टांगलेला असे. कामगार भट्टीवरून यायचा, तोंड पुसायचा, कोट चढवायचा, फोटो झाला की उतरवून पुढच्याला द्यायचा. चाळीस उत्कृष्ट कामगार आणि कोट एक! प्रोखोर नावाचा भट्टीवाला होता, त्याच्या पाठीवर कोट बसेना. मग कोट मागून उभा फाडला आणि टाचण्यांनी अडकवला. फलकावर प्रोखोर मंत्र्यासारखा दिसला. रविवारी तो आपल्या पाच वर्षांच्या मुलीला मोठ्या कौतुकानं फलक दाखवायला घेऊन गेला. मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाबा, हे काका कोण?”

प्रोखोर हसला. गेर्मान पाव्लोविच तिथंच उभे होते, त्यांना हसू आलं नाही. सोमवारी त्यांनी कोट धुवायला म्हणून घरी नेला, तो परत आणलाच नाही.

मग कारखान्याकडे पगाराला पैसे उरले नाहीत. पगार म्हणून पातेली मिळू लागली आणि अख्खं गाव हमरस्त्यावर पातेली मांडून बसलं. गेर्मान पाव्लोविचही बसले, फरक इतकाच की त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता. पातेल्यांमागं रांगेनं बसलेल्या शाळामास्तरणी, फिटर, दाताचे डॉक्टर, सगळे त्यांनी टिपले. त्या फोटोंवरून प्रांताच्या वर्तमानपत्रानं त्यांना बोलावून घेतलं. तिथं दहा वर्षं काढली. नोकरी गेली ती पुलापायी.

पूल असा होता, की इकडच्या काठाला फीत, बँड, भाषणं, टोपलीभर फुलं. आणि तिकडच्या काठाला पूल पोचलेलाच नव्हता. वर्तमानपत्रानं त्यांचा फोटो पुलाच्या मधोमध कापला आणि छापला. संध्याकाळी गेर्मान पाव्लोविचांनी अख्खा फोटो आपल्या ब्लॉगवर टाकला. तोवर तो ब्लॉग वाचायला त्यांची बहीण आणि दोन मच्छीमार एवढेच होते. खाली त्यांनी लिहिलं, “वर्तमानपत्रात जागा कमी होती. उरलेला अर्धा इथं आहे.” दोन दिवसांत दोन लाख माणसांनी तो अर्धा पाहिला. तिसऱ्या दिवशी संपादकांनी विचारलं, “गेर्मान, तू कुणाच्या बाजूचा?”

“मी रुंद भिंगाच्या बाजूचा,” हे म्हणाले, आणि टेबल आवरू लागले.

मग मॉस्कोहून एका गुळगुळीत मासिकाचं बोलावणं आलं. गेले. आठ महिन्यांनी बॅग घेऊन परत. आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या तया आजीनं, म्हणजे तैसिया कुझ्मिनिच्नानं, त्यांना बाजारात गाठून विचारलंच.

“काय रे गेर्माशा, मॉस्कोत काय टोचलं तुला?”

“काही नाही, तैसिया कुझ्मिनिच्ना. पगार चांगला होता. पण तिथं एका पोरीला फक्त सफरचंदं वळवायला ठेवलं होतं. मी कॅमेरा उचलला की ती सफरचंद वळवायची.”

“कुठल्या बाजूला?”

“चांगल्या.”

“मग त्यात वाईट काय?” आजी म्हणाली. हा प्रश्न ध्यानात ठेवा, कारण आमची सगळी फजिती त्यातूनच झाली.

आम्ही राहायचो मेल्निच्नाया रस्त्यावरच्या चौदा नंबरात. दुमजली लाकडी घर, वर गिलावा, आठ बिऱ्हाडं आणि पाच नंबरची एक रिकामी खोली. मागच्या बाजूला घळ आहे. घळीचा काठ दर वसंतात वीतभर खचतो आणि त्याच्याबरोबर घराचा एक कोपराही सरकतो. तळमजल्यावर तया आजीच्या स्वयंपाकघरात भेग सुरू व्हायची, ती वर आमच्या खोलीतून छपरापर्यंत. तया आजीनं तिच्यात लोकरीचे मोजे कोंबले होते, आईनं कणीक लिंपली होती. पालिकेनं उन्हाळ्यात बाहेरून पिवळा रंग फासला. घर बाहेरून ताज्या बिस्किटासारखं झालं आणि आतून वाऱ्याला वाट तशीच राहिली.

धोकादायक घरांतल्या लोकांना नवीन इमारतीत हलवायची यादी निघाली होती. समितीच्या हिशेबात घर सत्तर टक्के झिजलेलं असलं तर यादीत नाव. आम्ही जूनच्या तपासणीत चौसष्ट टक्के झिजलेले निघालो. सहा टक्के धडधाकट असल्याचं दुःख काय असतं, ते आम्हाला विचारा. यादी एक डिसेंबरला बंद होणार होती आणि पुढची पाच वर्षांनी. घळ पाच वर्षं थांबायला तयार आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. पुन्हा तपासणी हवी तर ती पालिकेच्या घरखात्याच्या झुएव साहेबांच्या सहीनं. झुएव साहेब सही करताना कंजूष होते, शाई महाग असल्यासारखे.

म्हणून आईनं, झोया तिमोफेयव्नानं, गेर्मान पाव्लोविचांना पत्र लिहिलं. उलटटपाली उत्तर आलं: “गुरुवारी येतो.”

बस, त्यांची चूक इथंच झाली. दिवस कळवायला नको होता.

कॅमेरा घेऊन पाहुणा येणार म्हटल्यावर चौदा नंबरानं तीन दिवस पाठ टेकली नाही. जिन्याला रंग दिला. पडदे धुतले, कांजी घातली, इस्त्री केली. तया आजीनं लग्नातला लाल गालिचा पेटीतून काढून नेमका भेगेवर टांगला. आईनं आमचा निळा टांगला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी बहिणीकडून आणला. मी आईला म्हटलं, “अगं, त्यांना भेग दाखवायची आहे ना?”

“दाखवू की. पण आधी घर तर बघण्यासारखं दिसू दे. तीन लाख माणसं येणार आहेत घरात!”

गुरुवारी गेर्मान पाव्लोविच आले, दारातच बूट काढले आणि पिरोगच्या, म्हणजे मासा भरून भाजलेल्या मोठ्या पावाच्या, वासानं दोन पावलं मागं सरले. टेबलावर पिरोग, खारवलेली अळंबी, बटाट्याचे वडे, काळ्या बेरीचा मुरंबा. तया आजी ठेवणीतल्या ब्लाउजमध्ये, ब्रोच लावून.

“भेग कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“गालिच्यामागं. आधी खाऊन घे.”

त्यांनी खाल्लं. खूप खाल्लं. मग गालिच्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

“काढू का?” मी उठलो.

“माझ्यासाठी नको,” ते म्हणाले. “मी काही हलवत नाही आणि हलवायला सांगतही नाही.”

“मग राहू दे बाई,” आजी सुटकेचा श्वास टाकून म्हणाली. “मागचा भिंतीवरचा कागद फार मळलाय.”

त्यांनी जे समोर होतं ते टिपलं. खाली प्रामाणिकपणे लिहिलं, “या गालिच्यांमागे भेग आहे. ती मी पाहिलेली नाही.” दोन हजार प्रतिक्रिया आल्या. “किती उबदार घर!” “आमच्या आजीकडे हाच गालिचा होता.” “पिरोगची कृती द्या.” भेगेबद्दल चौघांनी विचारलं, त्यातला एक मी.

आणि पुढच्या आठवड्यात पालिकेच्या सभेत झुएव साहेबांनी तेच फोटो मोठे करून भिंतीवर लावले. हातात छडी. “हे बघा, पडदे. हा जिना, नवाकोरा. हे मी म्हणत नाही. हे म्हणतायत ते गृहस्थ, जे कधी काही हलवत नाहीत! की त्यांच्यावरही तुमचा विश्वास नाही?” सभा हसली. मग ते गंभीर झाले. “पलीकडच्या गावात लोकांनी स्वतः पहारीनं भेग वाढवली आणि फोटो काढला. असली नाटकं इथं चालायची नाहीत.”

त्या दिवशी आमच्या अंगणात गेर्मान पाव्लोविचांची जी पूजा झाली, ती ऐकायला समोरच्या घरातल्यांनी खिडक्या उघडल्या, तेही थंडीत.

“एक गालिचा!” आई ओरडत होती. “एक गालिचा खाली उतरवायला सांगितलं असतं, तर तुमचं काय झिजलं असतं? आत्ता चला वर. मी काढते. काढा फोटो!”

“नाही काढणार.”

“का?”

“झोया तिमोफेयव्ना, आज तुम्ही माझ्यासाठी गालिचा उतरवलात, तर झुएव एकच प्रश्न विचारेल, कुणाच्या सांगण्यावरून? मी खोटं बोलणार नाही. मग भेगही नाटक ठरेल. पहारीची गोष्ट त्यानं उगाच नाही सांगितली.”

“वा! तत्त्व तुमचं आणि भेग आमची!”

गेर्मान पाव्लोविचांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग विचारलं, “पाच नंबर रिकामा आहे ना? भाड्यानं मिळेल?”

एक नोव्हेंबरला ते पाच नंबरात राहायला आले. सामान म्हणजे खाट, किटली आणि कॅमेऱ्याची पेटी. आई म्हणाली, “आता हा इथं बसून भेग स्वतःहून बाहेर येण्याची वाट बघणार.” पण ते भेगेची नाही, आमची वाट बघत होते. पाहुणा कुठवर पाहुणा राहतो, एवढाच त्यांचा सवाल होता.

पहिला आठवडा त्यांच्या दारात रोज पिरोग. दुसऱ्या आठवड्यात कोबीचं सूप. तिसऱ्याच्या सुरुवातीला सूप बंद झालं आणि कामं चालू झाली: “गेर्माशा, कचरा खाली ने.” “गेर्माशा, नळाला वायसर घाल.” तया आजीचा ब्रोच गेला, ठेवणीतला ब्लाउज गेला, ती भोकाचा मोजा आणि मुलाची जुनी बंडी घालून त्यांच्यासमोर भांडी घासू लागली. कॅमेरा दिसला तरी मान वर करेना. ते रोज एक फोटो टाकत होते: जिना, कपडे वाळत घातलेली दोरी, भांडण. गालिचे मात्र भिंतीवर तसेच. इतक्या धावपळीनं टांगलेले, कोण उतरवतो? शिवाय त्यांच्यामुळं वारा कमी लागत होता.

दिवस उलटत होते. वीस तारीख झाली. आई दिनदर्शिकेवरून माझ्याकडे आणि माझ्यावरून पाच नंबराच्या दाराकडे बघायची. ते फार वाईट.

पहिला बर्फ ओला असतो, तो काही कामाचा नाही. एकवीस तारखेला थंडी शून्याखाली बारावर गेली आणि रात्रभर कोरडा, पिठासारखा बर्फ पडला. शनिवार होता. सकाळी दहाला तया आजीनं खिडकीतून पाहिलं आणि जिन्यात उभं राहून हाळी दिली, “बायांनो, बर्फ आला! गालिचे!”

आता असा बर्फ पडल्यावर गालिचा घरात ठेवणारी बाई आमच्या गावात अजून जन्मायची आहे. गालिचा बर्फावर पालथा टाकायचा, वेताच्या थापटण्यानं झोडायचा, उचलायचा. खाली राखाडी चौकोन उरतो. मग शेजारच्या पांढऱ्या जागेवर पुन्हा. चौकोन पांढरा राहीपर्यंत. यादी, समिती, झुएव, सगळं त्या वेळी दुय्यम.

आजीनं गालिचा ओढून खाली काढला, गुंडाळला आणि दारात उभ्या गेर्मान पाव्लोविचांना म्हणाली, “उचल.”

“मला नाही उचलता येत, तैसिया कुझ्मिनिच्ना.”

“का? पाठ धरली?”

“पाठ नाही. मी काही हलवत नाही.”

“अरे मेल्या, कचरा रोज हलवतोस की!”

“कचऱ्याचा फोटो काढत नाही.”

“असला पुरुष घरात असण्यापेक्षा खुंटी बरी, निदान तिच्यावर काही टांगता तरी येतं,” असं म्हणून तिनं गालिचा माझ्या खांद्यावर दिला. मी तो खाली नेला, मग आमचा, मग बाकीच्यांचे. मागं वळून पाहिलं तर गेर्मान पाव्लोविचांनी कोटाची बटणं सोडली होती. या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ते घाईत दिसले.

दारं सगळी उघडी होती. ते आठही बिऱ्हाडं फिरले. कणीक, मोजे, चिंध्या, सुटलेला कागद, तिरकी झालेली चौकट, सगळं टिपलं. शेवटी तया आजीच्या स्वयंपाकघरात गेले. थंडीनं आखडून मोज्यांचा बोळा आपोआप खाली गळून पडला होता. भेगेतून अंगण दिसत होतं. अंगणात आठ गालिचे, राखाडी चौकोन, आणि थापटणं डोक्याच्या वर नेलेली माझी आई.

दुपारी फोटो ब्लॉगवर चढला. अरुंद, उभी, वेडीवाकडी चौकट. तिच्या आत पांढराशुभ्र बर्फ, लाल-निळे गालिचे आणि हसणाऱ्या बायका. खाली एवढंच: “तैसिया कुझ्मिनिच्नांच्या स्वयंपाकघरातून. खिडकी दुसऱ्या बाजूला आहे.”

सोमवारपर्यंत तो फोटो कुठल्या कुठं पोचला. मॉस्कोच्या वाहिनीनं दाखवला. झुएव साहेबांनी पहारीची गोष्ट पुन्हा काढून पाहिली, पण या वेळी लोकांनीच त्यांना उत्तर दिलं: वीस दिवस हा माणूस तिथं राहतोय, रोज फोटो टाकतोय, पहार कुणी कधी मारली? साहेबांना अखेर शाई परवडली. सत्तावीस तारखेला समिती येणार, असं पत्र आलं.

आणि सत्तावीसला सकाळी मी तया आजीकडे डोकावलो तर काय! झोडून चकचकीत झालेला लाल गालिचा पुन्हा भिंतीवर. टेबलावर पिरोग. ब्रोचसुद्धा आला होता.

“आजी!” मी किंचाळलो.

“किंचाळू नकोस. सरकारी माणसं यायची. उघड्यानागड्या भिंतीसमोर बसवू त्यांना?”

तोवर समितीच्या अभियंता इनेस्सा मार्कोव्ना आत आल्याच. मागं झुएव साहेब, त्यांच्या मागं आई आणि गेर्मान पाव्लोविच. इनेस्सा मार्कोव्ना बुटक्या, गळ्यात चष्मा, हातात फूटपट्टी. त्यांनी पिरोगकडे पाहिलंसुद्धा नाही.

“इथली भिंत बघायची आहे.”

“छान भिंत आहे,” झुएव साहेब गालिच्याकडे बोट करून म्हणाले. “मालकीणबाईंची तक्रार दिसत नाही. हो ना, आजी?”

आईनं माझा दंड असा धरला की वळ दोन दिवस होते. गेर्मान पाव्लोविचांचे हात खिशात. मान लालभडक झालेली. एकोणऐंशी वर्षांची तया आजी गालिच्यापुढं उभी होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की तिला भेगेची लाज वाटत नव्हती. ‘मी माझं घर सांभाळू शकले नाही’ असं या तिऱ्हाईत बाईला वाटेल, याची वाटत होती.

“बाई,” ती इनेस्सा मार्कोव्नांना म्हणाली, “मी इथं एक्कावन्न वर्षं झाडलोट केली. रोज. एवढं लिहाल का?”

“रकाना नाही त्याला,” इनेस्सा मार्कोव्ना म्हणाल्या. मग खोलीभर नजर फिरवून, “पण दिसतंय मला.”

आजी स्टुलावर चढली. आम्ही धरायला धावलो तर हात झटकले. तिनं एकेक कडी सोडवली आणि गालिचा धप्पकन खाली पडला. स्वयंपाकघरात वारा शिरला, पिरोगवरचं फडकं उडालं. इनेस्सा मार्कोव्नांनी फूटपट्टी आत घातली. ती गेली, गेली आणि त्यांच्या मनगटापर्यंत हात आत गेला. बाहेर अंगणातल्या कुत्र्यानं त्यांची बोटं चाटली असावीत, कारण त्या दचकल्या.

“त्र्याहत्तर,” त्या झुएव साहेबांना म्हणाल्या. “लिहा.”

“एकोणसत्तर म्हटलं तर?”

“हात घालून बघा आणि मग म्हणा.”

साहेबांनी हात घातला नाही. त्यांनी लिहिलं. मग इनेस्सा मार्कोव्ना बसल्या आणि पिरोगचे तीन तुकडे खाल्ले.

पुढच्या ऑगस्टमध्ये नवीन इमारतीच्या दारात किल्ल्या वाटायचा समारंभ झाला. दूरदर्शनवाले आले होते. किल्ल्या द्यायला झुएव साहेब, नवा कोट घालून. पहिला मान तया आजीचा. साहेबांनी किल्ली पुढं केली, आजीनं धरली, पण साहेब सोडेनात. कॅमेरावाल्यानं अंगठा दाखवल्यावरच त्यांनी सोडली. तेवढ्यात तो अंगठा आडवा झाला.

“साहेब, उजेड गेला. पुन्हा एकदा करूया? आजी, किल्ली जरा साहेबांना परत द्या.”

झुएव साहेब हसतहसत हात पसरून उभे राहिले. सगळे आजीकडे बघू लागले. एका बाजूला, गर्दीत, गेर्मान पाव्लोविच कॅमेरा डोळ्याला लावून तयार.

तया आजीनं किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं आणि वर हात ठेवला.

“उजेड पुन्हा येईल,” ती म्हणाली. “किल्ली नाही यायची.”